जुने की नवे?

(संगणकावर जुने, हलके सॉफ्टवेअर ठेवावे की नवे, जड सॉफ्टवेअर घ्यावे? ही निवड करताना कोणता विचार करावा, हे या पाठात सांगितले आहे.)

घाटकोपरहून निघालेली मेट्रो वर्सोवा स्थानकात थांबते. तेथून पश्चिमेला गेलात की वर्सोव्याचा कोळीवाडा लागतो. खाडीच्या काठावर लहानमोठ्या होड्या दिसतात. मोठी होडी खोल समुद्रात जाते. पण तिला डिझेल जास्त लागते आणि ओहोटीला उथळ पाण्यात थांबावे लागते. लहान होडी थोड्या पाण्यातूनही निघते. मग कोणती होडी चांगली? एखाद्या तांडेलाला विचारा. तो उलट तुम्हांलाच विचारील, "जायचे कुठे आहे?"

सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. समजा, यारी रोडवर एक छोटे दुकान आहे. तेथे लग्नपत्रिका आणि अर्ज उर्दूत व मराठीत टाइप करून मिळतात. दुकानातला संगणक जुना, सॉफ्टवेअरही जुने. पण ते चटकन उघडते. चाचांचा हात त्यावर बसला आहे. मुलगा म्हणतो, "अब्बा, नवीन घेऊ या." चाचा म्हणतात, "बेटा, काम चालले आहे ना? मग खर्च कशाला?" तुम्ही कोणाची बाजू घ्याल?

आधी चाचांची बाजू पाहू. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट स्मृती पुरत असे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते. म्हणजे वीस वर्षांत गरज ६४ पट झाली! लग्नपत्रिकेचा मजकूर मात्र तेवढाच राहिला. स्वित्झर्लंडचे संगणकतज्ज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच एका लेखात ही तक्रार केली होती. यंत्रे जलद होतात, पण सॉफ्टवेअर त्याहून वेगाने जड होते, असे त्यांचे म्हणणे होते. नको असलेल्या सोयींचे ओझे का वाहावे, हा चाचांचा प्रश्न म्हणूनच योग्य आहे.

आता मुलाची बाजू. १९९४ साली आलेल्या 'इनपेज'मुळे नस्तालीक वळणाचा उर्दू मजकूर संगणकावर जुळवणे सोपे झाले. मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरांना त्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे क्रमांक असत. मराठीच्या जुन्या फॉन्टांचेही तसेच होते. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला असतो. त्यामुळे मजकूर कोठेही वाचता येतो.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची नियमित दुरुस्ती थांबली. कुलपात दोष निघाला आणि कुलूप करणारा दुकान बंद करून गेला, तर घर सुरक्षित राहील का? जून २०१७ मध्ये एका संगणक-विषाणूमुळे उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. हा विषाणू अनेक वाटांनी पसरला. विंडोजमधील एक दोष ही त्यांतील एक वाट होती. त्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती केली नाही, त्यांचे हे दार उघडेच राहिले.

मग चाचांनी काय करावे? येथे एक गोष्ट लक्षात ठेवा : हलके म्हणजे जुनेच असते असे नाही. लिनक्सच्या काही हलक्या आवृत्त्या जुन्या संगणकावर चालतात आणि त्यांची दुरुस्तीही चालू असते. 'लिबरऑफिस' हे मोफत सॉफ्टवेअर उर्दू आणि मराठी दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये लिहिते. पवईच्या आयआयटी मुंबईने ते शिकवणारे मराठी पाठही तयार केले आहेत. जुन्या फाइलींसाठी जुना संगणक ठेवायचा असेल, तर तो इंटरनेटला जोडू नये.

तेव्हा निवड करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. माझे काम काय आहे? माझा मजकूर दुसऱ्याला वाचता येईल का? या सॉफ्टवेअरची दुरुस्ती कोणी करीत आहे का? तिन्ही उत्तरे मिळाली, की जुने की नवे हा वाद उरत नाही. होडी कोणती घ्यावी, हे तुम्हांला आपोआप कळते.

शब्दार्थ
तांडेल – होडीचा प्रमुख. ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे. उथळ – कमी खोल. स्मृती – संगणकाची मेमरी. हात बसणे – सराव होणे.

स्वाध्याय
१. चाचा नवीन सॉफ्टवेअर घेण्यास का तयार नव्हते?
२. युनिकोडमुळे कोणती अडचण दूर झाली?
३. 'हलके म्हणजे जुनेच असते असे नाही.' हे वाक्य उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. तुमच्या शाळेतील संगणकाला पाठातील तीन प्रश्न लावून पाहा व पाच वाक्ये लिहा.