ऑस्बॉर्नला आधी विचार, मग उघड

पुणे

चि. ओंकार यास,


फोटो पाहिला. शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसणारा ऑस्बॉर्न-१ संगणक तू गॅरेज सेलमधून उचललास, तोही हेवर्डला, जिथे त्याची कंपनीच होती! सुरू होत नाही म्हणून पहिल्याच रात्री स्क्रू काढायला बसलास हेही कळलं. तुझी आई म्हणते, मामावर गेलाय. मला काळजी वाटते ती म्हणूनच.

१९८६ साली आमच्या दुकानात असाच एक आला होता. पडदा काळाठिक्कर. मी दोन दिवस खपलो, दोन आयसी उपसून बदलले, त्या नादात बोर्डाचा एक ट्रॅक उखडला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने खिशातून एक छोटा प्लग काढला आणि विचारलं, ‘हे कुठे लागतं का हो?’ समोर बाहेरचा मॉनिटर जोडायची जागा आहे ना, तिथे तो प्लग नसेल तर आतल्या पडद्याला चित्रच मिळत नाही. यंत्र धडधाकट होतं. बिघडवलं ते मी.

तेव्हा तू स्क्रू-ड्रायव्हर ठेव आणि वही घे. तो प्लग जागेवर आहे का बघ. ब्राइटनेसचं बटण कुणी शून्यावर फिरवून ठेवलंय का तेही बघ. हसू नकोस, यातच निम्मे ‘मेलेले’ पडदे जिवंत होतात.

उघडायचंच झालं तर वायर भिंतीतून काढ. तरीही पिक्चर ट्यूबच्या मागच्या रबरी टोपीला हात लावू नकोस. पडदा पाच इंचीच असला तरी तिथे हजारो व्होल्ट दबा धरून असतात. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या तोंडाशी पिवळसर, पारदर्शक कवचाचा कपॅसिटर दिसला आणि कवचाला तडे असले, तर तो आधी बदल. नाहीतर पाच-दहा मिनिटांत फट्‌ आवाज होऊन खोलीभर घाण धूर होईल. मग सप्लाय बोर्डापासून सोडव, पण मोकळा चालवू नकोस. त्या काळच्या स्विचिंग सप्लायला भार लागतो. मोटारीचे छोटे बल्ब जोड आणि ५ व १२ व्होल्ट नीट येतात का मोज. आले, तरच बोर्डाला जोड.

आता पडद्यावर फ्लॉपी घालायला सांगणारा मजकूर उमटला, तर तिथेच थांब आणि वहीत लिही: प्रोसेसर, रॉम, पडदा निर्दोष. त्यानंतर बोर्डाकडे वळायचं कारण नाही. यात हार्ड डिस्क नाही हे तुमच्या पिढीच्या लक्षात येत नाही. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपीवरून चढल्याशिवाय यंत्र पुढे सरकायचंच नाही. चाळीस वर्षांच्या फ्लॉपीचा लेप सुटून ड्राइव्हच्या हेडवर बसतो, म्हणून हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुस. जुनी मूळ फ्लॉपी पहिल्या फटक्यात घालू नकोस. आधी टाकाऊ फ्लॉपी फिरवून बघ. मूळ घालशील तेव्हा कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लाव, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही.

तुला एक गंमत सांगतो. १९८१ साली हे अकरा किलोंचं धूड ‘पोर्टेबल’ म्हणून विकणारा ॲडम ऑस्बॉर्न लहानपणी तिरुवण्णामलैला वाढला. वडील आर्थर हे रमण महर्षींचे भक्त. मुलगा अध्यात्माच्या वाटेला गेला नाही, पण त्याच्या यंत्राची दुरुस्ती मात्र ‘नेति नेति’नेच होते. हा दोषी नाही, तोही नाही, असं एकेकाला बाजूला करत जायचं. उरेल तो आपला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास आणि यंत्र चाललं, तर कशामुळे चाललं हे कधीच कळणार नाही.

लक्षात ठेव, जुन्या यंत्राला काळाने जेवढं मारलं नसेल तेवढं उतावळ्या हातांनी मारलेलं असतं. त्यात माझेही दोन हात आहेत.

यंत्र चाललं नाही तरी चालेल, वहीचं पहिलं पान मात्र रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
मामा