सैनिकी श्वान आणि त्याचा हस्तक

सैन्याच्या सामर्थ्याचा विचार करताना रणगाडे, तोफा आणि विमाने डोळ्यांपुढे येतात. परंतु सुरुंगांचा धोका असलेल्या वाटेवरून गस्तीची तुकडी निघते, तेव्हा अनेकदा तिच्या अग्रभागी एक कुत्रा असतो आणि त्याच्या गळपट्ट्याचा दोर हाती धरलेला एक जवान असतो. या जवानास श्वानहस्तक असे म्हणतात. मागून येणाऱ्या साऱ्या तुकडीचे प्राण या दोघांच्या परस्परसमजुतीवर अवलंबून असतात. ही समजूत केवळ मायेतून उपजत नाही. ती पद्धतशीर शिक्षणाने घडवावी लागते आणि नित्य जपावी लागते.

मेरठचे प्रशिक्षण

भारतीय सैन्यात घोडे, खेचरे व श्वान यांची जबाबदारी रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर या दलाकडे आहे. उत्तर प्रदेशातील मेरठ येथे या दलाच्या केंद्रात १ मार्च १९६० रोजी श्वान प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. माग काढणे, पहारा देणे, सुरुंग व स्फोटके हुडकणे, हिमस्खलनाखाली गाडल्या गेलेल्यांचा शोध घेणे, अशी निरनिराळी कामे तेथे शिकविली जातात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉय या जाती मुख्यत्वे वापरल्या जातात. अलीकडच्या काळात मुधोळ या देशी जातीच्या श्वानांनाही तेथे प्रशिक्षण देण्यात आले. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात जोपासलेली ही जात महाराष्ट्रात 'कारवान' या नावाने परिचित आहे.

घ्राणशक्ती आणि शिक्षण

गंध ग्रहण करणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्यांची संख्या २० कोटींच्याही पुढे जाते. मात्र नाक तीक्ष्ण असणे पुरेसे नाही. स्फोटकाचे महत्त्व कुत्र्यास ठाऊक नसते. ठरावीक वास सापडला की आवडता चेंडू मिळतो आणि हस्तकाची शाबासकी लाभते, एवढेच तो शिकतो. त्याच्या दृष्टीने तो एक खेळ असतो. वास सापडताच न भुंकता, न उकरता निश्चल बसावयाचे, हीही शिकवणूक त्यास दिली जाते. कारण पंजाचा एक आघातदेखील प्राणघातक ठरू शकतो.

नाते कसे घडते ?

श्वानास खाऊ घालणे, त्याचे अंग विंचरणे, पंजांत काटा रुतला आहे काय ते पाहणे, ही कामे हस्तक स्वतः करतो. या दैनंदिन सहवासातूनच तो आपल्या सोबत्याची भाषा शिकतो. शेपटीची हालचाल मंदावली, कान ताठ झाले, श्वासाची लय बदलली, तर त्याचा अर्थ काय, हे इतरांस कळत नाही, हस्तकास कळते. वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून शोधाची दिशा ठरविणे हे त्याचेच काम. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीराची उष्णता कमी करतो. कामाच्या उत्साहात त्यास थकव्याचे भान राहत नाही. म्हणून उन्हात त्यास केव्हा थांबवावयाचे, याचा निर्णय हस्तकास घ्यावा लागतो.

या नात्याची शारीरिक बाजूही आता अभ्यासली गेली आहे. कुत्रा आणि त्याचा धनी परस्परांच्या डोळ्यांत पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. माता व अर्भक यांच्यातील ओढीमागेही हेच संप्रेरक असते.

जिव्हाळ्याची दुसरी बाजू

जवळिकीत एक धोकाही दडलेला आहे. कुत्रा हस्तकाचे मन वाचू पाहतो. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी श्वान व हस्तक यांच्या १८ जोड्यांची परीक्षा घेतली. शोधाच्या जागी कोणताही अमली पदार्थ वा स्फोटक नव्हते. तरीही बहुतेक जोड्यांकडून 'वास सापडला' अशा नोंदी झाल्या. जेथे वास आहे असे हस्तकांस आधी भासविण्यात आले होते, तेथे अशा नोंदी अधिक आढळल्या. म्हणून आपले अनुमान श्वानावर न लादता त्यास मुक्तपणे शोधू देणे, हा हस्तकाच्या संयमाचा कस ठरतो. श्वानावर विश्वास ठेवणे याचा खरा अर्थ हाच होय.

बलिदानाच्या नोंदी

ऑगस्ट २०१५ मध्ये काश्मीरच्या तंगधार भागात घुसखोरांचा माग काढताना मानसी ही लॅब्राडोर आणि तिचे हस्तक बशीर अहमद वार या दोघांनाही वीरमरण आले. मानसीचा मरणोत्तर उल्लेख युद्धवृत्तात करण्यात आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यातील चकमकीत गोळ्या लागूनही झूम हा श्वान लढत राहिला. १३ ऑक्टोबर रोजी त्याने प्राण सोडला. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरी येथे केंट या लॅब्राडोर मादीने आपल्या हस्तकाचा बचाव करताना प्राण दिले.

पोलीस दलाचे श्वानही याच परंपरेतील होत. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्सचा शोध लावल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्यास सन्मानपूर्वक निरोप देण्यात आला.

निवृत्तीनंतर

वयोमानाने वा दुखापतीने श्वान सेवेस अयोग्य ठरतो, तेव्हा त्याचे काय होते ? काम करू न शकणाऱ्या श्वानांना वेदनारहित मरण देण्याची पद्धत सैन्यात दीर्घकाळ होती. २०१५ साली माहितीच्या अधिकारातून ही बाब लोकांसमोर आली आणि प्रश्न न्यायालयातही गेला. त्यानंतर हे धोरण बदलले. निवृत्त श्वानांचा सांभाळ करण्याची व त्यांना दत्तक देण्याची वाट मोकळी झाली.

हा बदल केवळ भूतदयेपोटी झालेला नाही, असे मानणे योग्य ठरेल. ज्या जोडीत एकाने दुसऱ्यावर निःशंक विसंबावे अशी अपेक्षा असते, तेथे तो विश्वास सेवेच्या अखेरच्या दिवशी मोडता कामा नये. सुरुंगाच्या वाटेवर श्वान हस्तकाच्या पुढे चालतो. आयुष्याच्या उतारावर त्याच्या सोबत चालणे, हे हस्तकाचे आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या समाजाचे कर्तव्य आहे.