पाचांतली एक जागा रिकामी : गीता १८.१३ ते १६



आज अठराव्या अध्यायातले हे चार श्लोक. कुठलंही काम तडीस जायला पाच कारणं लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात : अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवं दैव. कर्ता हा पाचांतला फक्त एक. जो ‘सगळं मीच करतो’ असं समजतो, त्याला खरं दिसतच नाही, असंही पुढे म्हटलंय. (अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ बरेच टीकाकार घेतात. मी जरा ऐसपैस घेतोय, चालवून घ्या.)

टीमवर्कचा विषय निघाला की ऑफिसात हमखास क्रिकेटचं उदाहरण येतं. मी कोल्हापूरचा, मला कुस्तीच आठवते. दिसायला एकट्याचा खेळ. पण गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत जाऊन बघा. तिथे कुणी माती उकरतंय, कुणी जोड म्हणून समोर उभं राहतंय, वस्ताद कडेला उभे राहून एकेक चूक टिपतायत. चांगला जोड नसेल तर पैलवान घडतच नाही, पण जोडाचं नाव पोस्टरवर कधी येत नाही.

आता खाशाबा जाधव बघा. गाव कराडजवळचं गोळेश्वर, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. यात अधिष्ठान कोण, साधनं कुणाची, प्रयत्न किती जणांचे, मोजून बघा.

पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही आहे. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो दाखवून ‘थांबा’ म्हणायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. याला मी दैव म्हणणार नाही. ती माणसाची जागा होती आणि ती रिकामी होती.

आपल्याकडे बघा ना. रात्री तीनपर्यंत रिलीज सांभाळलेल्या पोरीला सकाळी नऊला क्लायंट कॉलवर बसवतात. ती स्वतः काही बोलत नाही, बोलली तर ‘कमिटमेंट कमी’ असा शिक्का बसतो. ‘हिला आज झोपू द्या, कॉल मी घेतो’ असं म्हणणारा कुणी तुमच्या टीममध्ये आहे का? मला तर टीम ओळखायची हीच खूण वाटते. टार्गेट, बोनस, शुक्रवारचा पिझ्झा ठीकच आहे. पण हे म्हणायला पद लागत नाही, उद्याही म्हणता येईल.

आणि खर्डेकरांचं घर? परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून ते सोडवून दिलं.

उद्या श्लोक १७. जय हरी!