टी.एस.एच.चा आकडा कसा वाचावा?



काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीला वर्गात सारख्या डुलक्या येत. आम्ही तिला आळशी ठरवले. पुढे रक्ततपासणीत थायरॉइडचा विकार निघाला. चूक आमची होती. म्हणून आज हा पाठ.

गळ्यात पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड म्हणजेच अवटू ग्रंथी असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. हे संप्रेरक सोडून तिला कामाचा हुकूम देते. थायरॉइड मंदावली की हुकूम वाढतो, म्हणजे टी.एस.एच.चा आकडा चढतो.

रक्तातील प्रतिपिंडे ही प्रथिने रोगजंतूंशी लढतात. स्वप्रतिरक्षा विकारात शरीराची हीच संरक्षणव्यवस्था स्वतःवर उलटते. त्याचे तीन प्रकार पाहू.

१) हाशिमोटो विकार : जपानचे डॉ. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली याचे वर्णन केले. यात ग्रंथीची हळूहळू हानी होते. ती मंदावली की टी.एस.एच. वाढते.

२) ग्रेव्ह्ज विकार : येथे प्रतिपिंड टी.एस.एच.च्या जागी बसून ग्रंथीला खोटा हुकूम देते. ग्रंथी जास्त काम करते आणि टी.एस.एच. घटते.

३) मॅक्रो-टी.एस.एच. : क्वचित प्रतिपिंड टी.एस.एच.लाच चिकटते. ही जोडी इतकी मोठी होते की मूत्रपिंडातून सहज गाळली जात नाही, रक्तातच साठते. यंत्र आकडा मोठा दाखवते, पण या जोडीचा ग्रंथीवर फारसा परिणाम होत नाही. थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक टी-४ योग्य प्रमाणात असते, त्रासही नसतो. शंका आल्यास प्रयोगशाळेत पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून असे मोठे रेणू खाली बसवतात व टी.एस.एच. पुन्हा मोजतात.

तात्पर्य, एकाच विषयाच्या गुणांवरून आपण विद्यार्थ्याची पारख करत नाही, तसेच एका आकड्यावरून निदान होत नाही. डॉक्टर टी.एस.एच., टी-४ आणि लक्षणे एकत्र पाहतात. मात्र वाढलेला आकडा बहुधा खराच असतो. तेव्हा स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

त्या मुलीचे टी-४ कमी होते, म्हणजे तिचा आकडा खरा होता. उपचारानंतर ती वर्गात ताजीतवानी दिसू लागली. मूल सतत थकलेले दिसले, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, ही पालकांना व आम्हा शिक्षकांनाही विनंती.

स्वाध्याय : टी.एस.एच. वाढलेले पण टी-४ योग्य, असे दिसल्यास लगेच निष्कर्ष का काढू नये? चार ओळींत लिहा.