वापरातील साठवण-साधनाचा ड्रायव्हर काढू नये

मांद्रेसारख्या गावी घरपट्टीच्या नोंदी, शाळेची गुणपत्रके व सोसायटीचे हिशेब आता संगणकाच्या डिस्कवर साठविता येतात. या नोंदींचे रक्षण करणारा संगणकातील एक नियम शिक्षक, कर्मचारी व ग्रामस्थ यांनी जाणून घेणे हितावह आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

डिस्कशी व्यवहार कसा करावा हे जाणणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. १९९१ साली सुरू झालेल्या लिनक्स प्रणालीत असे पुष्कळ ड्रायव्हर मॉड्यूल या सुट्या भागांच्या रूपाने, संगणक चालू असतानाच जोडता व काढता येतात. सी-डॅक या शासकीय संस्थेची ‘बॉस’ प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

वापराची मोजणी

डिस्क वापरास घेतली की तिच्या ड्रायव्हरच्या नावे एक अंक वाढतो. वापर संपला की तो कमी होतो. अंक शून्य असेल तरच ड्रायव्हर काढता येतो. एरव्ही ‘मॉड्यूल वापरात आहे’ असा नकार मिळतो. केरी-तेरेखोल फेरीबोट नदीच्या मध्यावर असता तिचे इंजिन कोणी उतरवीत नाही, तसेच हे आहे.

नोंद कोणाच्या नावे?

कित्येक ड्रायव्हरांचे दोन भाग असतात: अनेक यंत्रांना समान असलेला व विशिष्ट यंत्रापुरता. मोजणी केवळ समान भागाच्या नावे झाली, तर विशिष्ट भागाचा अंक शून्यच राहतो आणि डिस्क वापरात असतानाही तो निघू शकतो. मग प्रणाली स्मृतीतून नाहीशा झालेल्या आज्ञा शोधू लागते, संगणक बंद पडतो व डिस्कवर उतरावयाची राहिलेली माहिती नष्ट होते. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाच्या नावेच नोंद ठेवली पाहिजे.

घ्यावयाची दक्षता

१. नकार मिळाल्यास सक्तीची आज्ञा देऊ नये.
२. प्रथम फाइली बंद कराव्यात, नंतर डिस्क ‘अनमाउंट’ करावी व मगच ड्रायव्हर काढावा.
३. हाताने उपटलेल्या पेन ड्राइव्हला ही मोजणी वाचवू शकत नाही. तो रीतसर सोडवूनच काढावा.
४. शिक्षकांनी रिकामा पेन ड्राइव्ह उघडण्यापूर्वी व नंतर ‘एलएसमॉड’ ही आज्ञा देऊन वाढलेला अंक विद्यार्थ्यांस दाखवावा.

संगणकाचा नकार ही अडवणूक नसून गावाच्या दप्तराचे संरक्षण आहे, हे सर्वांनी ध्यानी ठेवावे.