शिलकेचा हिशेब

सातारा,
शुक्रवार

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. क्लाउडवरचे टॅली सकाळी दहाला सुरळीत चालते आणि साडेअकराच्या सुमारास, नेमकी हळदीच्या सौद्यांची बिले करण्याची घाई असताना, दाबलेले अक्षर पडद्यावर उमटण्यास तीन-तीन सेकंद घेते ही तुझी तक्रार, आणि तिच्यावर उपाय म्हणून दुप्पट भाड्याचे यंत्र घेण्याचा तुला मिळालेला सल्ला, दोन्ही मी लक्षपूर्वक वाचले. सल्ला देणाराच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्या तपासून उदरनिर्वाह करणाऱ्या माणसाने आपल्याच यंत्राचा जमाखर्च न पाहता दरमहा दुप्पट रक्कम मोजण्यास तयार व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

हा खटाटोप आपण कशापायी आरंभला हे तू विसरला नसशील. २०१९ च्या ऑगस्टात तुमच्या गावच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा तुमच्या कचेरीतील सारे दप्तर आणि दोन्ही संगणक पाण्याखाली गेले, आणि चिखलातून काढलेल्या वह्यांची पाने गच्चीवर वाळत घालताना ताईचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. दप्तर नदीच्या आवाक्याबाहेर नेण्याचा निश्चय तेव्हाचा. त्यासाठी मुंबईचे केंद्र निवडलेस हेही उत्तम केलेस. कारण काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरच जातो, आणि थोडे स्वस्त पडते एवढ्यासाठी अमेरिकेतील यंत्र घेतले असतेस, तर प्रत्येक कळीमागे जाण्यायेण्यातच सेकंदाचा पंचमांश गेला असता व तो कितीही पैसे मोजून परत मिळाला नसता.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. तुझे यंत्र अमेझॉनच्या टी२ मीडियम जातीचे, म्हणजे दोन प्रोसेसर आणि ४ जीबी मेमरीचे आहे, आणि ही जात दिवसभर पूर्ण जोराने चालण्यासाठी योजलेलीच नाही. तिच्या खात्यावर तासाला २४ क्रेडिट जमा होतात. एक क्रेडिट म्हणजे एका प्रोसेसरचे एक मिनिटाचे पूर्ण काम. अर्थात प्रत्येक प्रोसेसरला सरासरीने २० टक्केच काम झेपते. त्याहून अधिक घेतले की शिल्लक खर्ची पडते, आणि शिल्लक सरली की यंत्र त्या २० टक्क्यांवर येऊन रखडते. भाडे वाचावे म्हणून तू रात्री यंत्र बंद करतोस, ती काटकसर योग्यच आहे. परंतु टी२ बंद केले की साठलेली सारी शिल्लक बुडते, आणि सकाळी सुरू करताना ६० क्रेडिटांची उचल तेवढी हाती येते. दोन्ही प्रोसेसर भरधाव चालले तर ती जेमतेम अर्धा तास पुरावी! त्यातच विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी यंत्र उघडताच सुरू होतात, आणि तुझी बिले निघू लागण्यापूर्वीच ती उचल फस्त करून टाकतात. माझ्या मते तुझे साडेअकराचे कोडे हेच आहे.

म्हणून टी३ मीडियमवर जा. मेमरी तितकीच, तासाची जमाही २४ च, भाडे किंचित कमी, आणि यंत्र बंद केले तरी शिल्लक ७ दिवस शाबूत राहते. मात्र ही जात आपोआप ‘अनलिमिटेड’ पद्धतीने सुरू होते, व तीत शिलकेपलीकडच्या वापराची जादा आकारणी होऊ शकते. तेव्हा ‘स्टँडर्ड’ पद्धत मुद्दाम लाव. बदलापूर्वी डिस्कचा स्नॅपशॉट घे आणि नवे ड्रायव्हर आधी घाल, त्यांवाचून विंडोज तेथे उठणार नाही. अपडेट व तपासणी कचेरी बंद होण्याच्या वेळेवर टाक.

डिस्कचाही विचार कर. तुझी ५० जीबीची जीपी२ डिस्क आहे. तिचा कायमचा हक्क सेकंदाला १५० वाचन-लेखनांचा, वरचा वेग तात्पुरत्या शिलकेतला. जीपी३ला आकार कितीही लहान असला तरी ३,००० चा हक्क मिळतो, दरही सुमारे २० टक्के कमी, आणि हा बदल यंत्र चालू असताना होतो. इतका निखळ लाभाचा व्यवहार क्वचितच भेटतो.

बाकी किरकोळ आहे. ब्राउझर आपल्या टेबलावरच्या संगणकावर उघड, भाड्याच्या यंत्रावर नको. वायफायऐवजी केबल जोड. पडद्यावरचे चित्र काढून टाक. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे दार मात्र केवळ कचेरीच्या पत्त्यापुरते उघडे ठेव, कारण दिवसभर परके लोक तेथे पासवर्ड आजमावत असतात, आणि सुरक्षिततेची गोष्ट सोडली तरी त्या प्रत्येक प्रयत्नाचा भार तुझ्याच शिलकेवर पडतो.

येत्या आठवड्यात रोज दहाला आणि साडेअकराला अमेझॉनच्या क्लाउडवॉच या नोंदवहीतील क्रेडिटची शिल्लक व विंडोजमधील मेमरीचा वापर टिपून मला पाठव. मेमरी खरोखरच भरलेली निघाली, तर मोठे यंत्र घेण्यास माझी आडकाठी राहणार नाही.

ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा