अर्जाचा प्रवास आकृतीतून : ‘ड्रॉ.आयओ’ या साधनाची ओळख

माहितीच्या अधिकाराखाली आलेला अर्ज कोणकोणत्या टप्प्यांतून जातो, हे २००५ च्या अधिनियमात स्पष्ट केलेले आहे. परंतु हे टप्पे निरनिराळ्या कलमांत विखुरलेले असल्यामुळे नव्याने निवडून आलेल्या पंचायत सदस्याला किंवा प्रथमच अर्ज करणाऱ्या नागरिकाला त्यांचा सलग बोध होणे कठीण जाते. अशा वेळी लांबलचक परिपत्रकापेक्षा कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली एक प्रवाह-आकृती अधिक उपयोगी पडते. ती काढण्यासाठी ‘ड्रॉ.आयओ’ हे साधन इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. २०२० पासून ते ‘डायग्राम्स.नेट’ या नावानेही ओळखले जाते.

कामाचे टप्पे चिन्हांनी दाखविण्याची पद्धत मात्र संगणकापेक्षा जुनी आहे. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे ती मांडली. पुढे संगणक क्षेत्राने ती उचलून धरली आणि तिची चिन्हे रूढ झाली. प्रारंभ व शेवट यांसाठी गोलाकार कडांची चौकट, कृतीसाठी आयत, आणि जेथे निर्णय घ्यावयाचा तेथे शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन, एवढी तीन चिन्हे कार्यालयीन कामास पुरेशी आहेत.

‘ड्रॉ.आयओ’ वापरण्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही. ब्राउझरमध्ये ते उघडले की, आकृती कोठे जतन करावयाची, अशी विचारणा होते. प्रारंभी आपल्याच संगणकाची निवड करावी. डाव्या बाजूस चिन्हांचा संच असतो. त्यातील हवे ते चिन्ह माउसने ओढून मधल्या कोऱ्या पानावर आणावे आणि त्यावर दोनदा क्लिक करून मजकूर लिहावा. युनिकोड पद्धतीने टंकलिखित केलेली देवनागरी त्यात विनासायास उमटते. चिन्हावर माउस नेला असता चारही बाजूंस फिकट बाण दिसतात. त्यांतील एक बाण ओढून दुसऱ्या चिन्हाच्या कडेपर्यंत न्यावा आणि ती कड उजळल्यावरच सोडावा. असे जोडलेले बाण चिन्हे हलविली तरी सुटत नाहीत. नवशिके बहुधा बाण नुसताच जवळ नेऊन सोडतात. मग एक चौकट सरकवली की सारी आकृती विस्कटते.

आता अर्जाकडे वळू. पहिली चौकट ‘अर्ज प्राप्त’. तिच्याखाली शंकरपाळ्याच्या चौकोनात पहिला प्रश्न : ‘माहिती याच प्राधिकरणाकडे आहे काय?’ ‘नाही’ असे लिहिलेला बाण ‘५ दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे हस्तांतर, अर्जदारास कळविणे’ या आयताकडे जातो. ‘होय’चा बाण दुसऱ्या प्रश्नाकडे : ‘विषय व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित आहे काय?’ तसे असल्यास मुदत ४८ तासांची, एरवी ३० दिवसांची. यानंतरचा प्रश्न ‘माहिती दिली काय?’ हा होय. आणि खरी कसोटी येथेच लागते.

या ठिकाणी बहुतेकांना दोनच बाण सुचतात : माहिती दिली, किंवा कारणे नमूद करून नाकारली. परंतु तिसरीही शक्यता आहे. मुदत संपली आणि उत्तरच आले नाही. अधिनियमाच्या ७ व्या कलमानुसार असे मौन हाही नकारच मानला जातो, आणि प्रथम अपिलाची ३० दिवसांची मुदत तेव्हापासून धावू लागते. परिपत्रक वाचताना ही बाब सहज निसटते. आकृतीत मात्र जिला बाणच नाही अशी जागा नजरेत भरते. हा तिसरा बाण नसलेली आकृती भिंतीवर लागली, तर पत्राची वाट पाहत बसलेल्या अर्जदाराची मुदत निघून जाण्याचा संभव राहतो. पुरेसे कारण असल्यास विलंब क्षमापित होऊ शकतो, हे खरे. पण त्यावर विसंबून आकृती अपुरी ठेवणे उचित नव्हे.

नकार व मौन या दोन्ही बाणांना ‘प्रथम अपील’ या एकाच आयतात आणून मिळवावे. प्रथम अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हावयास हवा. त्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील ९० दिवसांच्या आत करता येते. माहितीचा खर्च भरण्याविषयी कळविल्यापासून तो भरेपर्यंतचा काळ ३० दिवसांत धरला जात नाही. हा तपशील याच आकृतीत कोंबला तर बाणांचे जाळे होईल. खालच्या पट्टीतील अधिक चिन्हावर क्लिक केल्यास त्याच फाइलमध्ये नवे पान उघडते. हा उपविषय तेथे मांडावा.

छपाईसाठी आकृती पीडीएफ स्वरूपात, तर भ्रमणध्वनीवर पाठविण्यासाठी पीएनजी चित्राच्या स्वरूपात काढून घ्यावी. मूळ फाइल मात्र स्वतंत्रपणे जपून ठेवावी, कारण नियम वा अधिकाऱ्याचे पदनाम बदलले की त्याच फाइलमधील एखादी चौकट दुरुस्त करून भागते. भिंतीवर लावण्यापूर्वी कार्यालयाबाहेरील एखाद्या व्यक्तीला, शक्यतो यापूर्वी कधी अर्ज न केलेल्या व्यक्तीला, बोट ठेवून ती वाचावयास सांगावे. जेथे बोट थांबेल, तेथील शब्द बदलावेत.